जाहीर, खासगी आणि अनामत : समाजमाध्यमांवरील मजकुराचा परस्पर संग्रह व डेटा संरक्षण कायद्यातील एका कलमाचा इतिहास

प्रास्ताविक

दादरा-नगर हवेलीतील नरोली हे गाव 28 जुलै 1954 रोजी आझाद गोमंतक दलाच्या स्वयंसेवकांनी पोर्तुगीज अमलातून मुक्त केले. त्याआधी सहा दिवस, म्हणजे 22 जुलैला दादरा आणि नंतर 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. मुक्तिसंग्रामाचा हा भाग सर्वपरिचित आहे. त्यामानाने अपरिचित राहिला तो त्यानंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेला खटला. दमणहून या मुलखात जाण्यासाठी भारतीय भूमीतून वाट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये दाखल केला आणि 12 एप्रिल 1960 रोजी त्याचा अंतिम निकाल लागला. पोर्तुगालची भिस्त पुण्याच्या पेशवे दरबाराशी झालेल्या 1779 च्या तहावर आणि 1783 व 1785 च्या सनदांवर होती. नरोलीसह या परगण्यातील गावे त्या कागदांनी पोर्तुगीजांना मिळाली, हे उभय पक्षांना ठाऊक होते. प्रश्न असा होता की, मिळाले ते काय? राज्य की वसूल?

न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे उपलब्ध पाठ तपासले, मराठ्यांच्या इतर तहांशी त्यांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की सार्वभौमत्व देण्याचा हेतू या शब्दांत दिसत नाही. दिली होती ती वार्षिक 12,000 रुपये उत्पन्नाची जहागीर अथवा सरंजाम. (पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने पोर्तुगीज सत्ता मूकपणे मान्य केली होती, हेही न्यायालयाने नोंदवले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मानला, सशस्त्र दलांचा नाकारला. आणि जुलै 1954 मध्ये भारताने वाट रोखली यात भारताचा दोष नाही असे ठरवले.) जहागीर आणि सरंजाम हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आलेले. पुण्याच्या एखाद्या कारकुनाने वसुलीच्या व्यवहारासाठी लिहिलेले हे शब्द पावणेदोनशे वर्षांनी परक्या देशात, परक्या भाषेत, दोन राष्ट्रांच्या वादात तोलले जातील, अशी कल्पनाही त्याला शिवली नसेल.

लिहिणारा एका कामासाठी लिहितो, जपणारा दुसऱ्या कामासाठी जपतो आणि वाचणारा तिसऱ्याच कामासाठी वाचतो. कागदाच्या बाबतीत हे नेहमीच होत आले. आज ते समाजमाध्यमांवरील मजकुराच्या बाबतीत होत आहे. फरक इतकाच की कागदाला पावणेदोनशे वर्षे लागली आणि पोस्टला कधी कधी दोन तासही लागत नाहीत. कोणी आपल्या खात्यावर काही लिहिले, त्याची प्रत भलत्याच व्यक्तीने वा संस्थेने न विचारता काढून ठेवली, तर कायद्याच्या दृष्टीने त्या प्रतीचे स्थान काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

तीन शब्द

मराठीत या विषयाला लागणारे बहुतेक शब्द अरबी-फारसी वळणाचे आहेत, हा योगायोग नव्हे. दफ्तरी कारभाराची भाषाच ती होती. 'जाहीर' हा अरबी 'ज़ाहिर', म्हणजे जे उघड दिसते ते. 'खासगी'च्या मुळाशी 'ख़ास', म्हणजे विशिष्ट व्यक्तीपुरते राखलेले. आणि तिसरा शब्द 'अनामत'. हा मूळ 'अमानत'. मराठीच्या तोंडी अक्षरांची अदलाबदल झाली व अनामत असे रूप रुळले. उर्दूत अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती जपणाऱ्यावर जबाबदारी असते आणि ती ज्या कामासाठी दिली त्याच कामाला लावायची असते. मराठीत मात्र अनामत रक्कम, अनामत खाते, असा हिशेबाचा अर्थच पुढे राहिला आणि विश्वासाची बाजू मागे पडली.

समाजमाध्यमांच्या चर्चेत पहिले दोन शब्द सतत ऐकू येतात. पोस्ट जाहीर आहे की खासगी, एवढेच विचारले जाते आणि जाहीर असेल तर प्रश्न संपला असे धरले जाते. तिसऱ्या शब्दाची, म्हणजे जाहीर झालेली गोष्टही कोणाच्या तरी हाती जबाबदारीने असू शकते या कल्पनेची, आठवण क्वचितच होते.

दफ्तराचे दोन उपयोग

पेशवे दफ्तराचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कोणत्या घराण्याकडे कोणते इनाम कोणत्या आधाराने आहे, हे तपासण्यासाठी त्यांना ते हवे होते. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील हजारो इनामांची छाननी केली आणि ज्यांचे दाखले पटले नाहीत त्यांची इनामे खालसा केली. म्हणजे आजोबांच्या काळातील नोंद नातवाच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहिली. पुढे त्याच दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड संपादित केले आणि मराठ्यांच्या इतिहासाचे चित्र बदलले.

दफ्तर तेच, रुमाल तेच. एका उपयोगात जिवंत माणसाविषयी निर्णय घेतला गेला, दुसऱ्यात मृतांविषयी ज्ञान मिळाले. संग्रह चांगला की वाईट, या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. विचारायचे ते असे की, संग्रहातून कोणाविरुद्ध काय केले जाणार आहे? भारतीय कायद्याने हा प्रश्न एका ठिकाणी नेमका विचारला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो विचारण्याची सोयच काढून टाकली आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी कलमाचा प्रवास थोडा सविस्तर पाहावा लागेल.

कलमाचा प्रवास

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 खाली एप्रिल 2011 मध्ये संवेदनशील वैयक्तिक माहितीविषयी नियम करण्यात आले. पासवर्ड, बँक खाते, आरोग्य, बायोमेट्रिक अशा माहितीला त्यात संरक्षण होते. मात्र जी माहिती सार्वजनिक क्षेत्रात मुक्तपणे उपलब्ध आहे, ती संवेदनशील मानली जाणार नाही, असे परंतुक जोडलेले होते. जे उघड झाले त्याला संरक्षण नाही, या विचाराचे बीज येथे आहे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्याने तो आपला खासगीपणा गमावत नाही, कारण खासगीपणा हा जागेला नव्हे तर माणसाच्या प्रतिष्ठेला जोडलेला आहे, ही त्यातील एक मध्यवर्ती भूमिका होती. ही भूमिका समाजमाध्यमांना लावली तर निष्कर्ष सरळ निघतो. चौकात उभ्या असलेल्या माणसाला जर खासगीपणा आहे, तर आपल्या खात्यावर उघडपणे लिहिणाऱ्यालाही तो काही अंशी असला पाहिजे.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 27 जुलै 2018 रोजी अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. त्यात सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती कायद्याबाहेर टाकलेली नव्हती. संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशी काही 'वाजवी प्रयोजने' प्राधिकरणाने ठरवायची होती आणि त्यांच्या संभाव्य यादीत या माहितीचा उल्लेख होता. म्हणजे दार उघडे, पण दाराशी पहारेकरी. डिसेंबर 2019 च्या विधेयकातही हीच रचना टिकली. ते विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, समितीचा अहवाल डिसेंबर 2021 मध्ये आला आणि 3 ऑगस्ट 2022 रोजी सरकारने विधेयकच मागे घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नव्या मसुद्यात 'गृहीत संमती'ची कल्पना आली आणि सार्वजनिक माहिती तिच्यात घातली गेली.

ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम मंजूर केला व 11 ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील कलम 3 ने पहारेकऱ्यालाच रजा दिली. ज्या व्यक्तीची माहिती आहे तिने स्वतः ती सार्वजनिक केली असेल, तर हा अधिनियम त्या माहितीला लागूच होत नाही. सोबत दृष्टांतही दिला आहे : एखादी व्यक्ती ब्लॉगवर आपले विचार मांडताना आपली वैयक्तिक माहिती समाजमाध्यमावर उघड करते, अशा वेळी या अधिनियमाच्या तरतुदी लागू होणार नाहीत. दृष्टांतातील व्यक्तीसाठी इंग्रजी मजकुरात स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. संपूर्ण अधिनियमातच तसे केले आहे आणि त्याचे कौतुकही झाले. या एका ठिकाणी मात्र त्या स्त्रीलिंगी सर्वनामातील उपरोध मन अस्वस्थ करतो. त्याचे कारण पुढे येईल.

आता कलम 17 पाहावे. संशोधन, अभिलेखन अथवा सांख्यिकी यांसाठी माहिती वापरणाऱ्यांना या कलमाने सूट दिली आहे, परंतु एका अटीवर : त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये. शिवाय ठरवून दिलेली मानके पाळली पाहिजेत. नियमांनुसार आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, ती सुरक्षित राखावी, वगैरे. ही अट अत्यंत शहाणपणाची आहे. इनाम कमिशन आणि सरदेसाई यांच्यातील फरक तिने एका वाक्यात पकडला आहे.

आणि ती निरुपयोगीही आहे, निदान समाजमाध्यमांपुरती. कारण कलम 17 ची अट लागू होण्यासाठी आधी अधिनियम लागू झाला पाहिजे. माणसाने स्वतः जाहीर केलेली पोस्ट कलम 3 ने आधीच बाहेर काढली आहे. तेव्हा तिचा संग्रह करणाऱ्याला ना अट, ना मानक. तो विद्यापीठाचा संशोधक असो, नोकरीच्या उमेदवारांची चाळणी करणारी कंपनी असो की कोणाचा तरी सूड घेऊ पाहणारा अनामिक असो, तिघेही या अधिनियमापुढे सारखेच. पोस्ट नंतर पुसली तर काय, याविषयी कलम मौन बाळगते. माहिती पुसून मागण्याचा हक्क कलम 12 ने दिला आहे, पण तोही अधिनियमाच्या आतल्यांसाठी.

एक बारकावा सांगितला पाहिजे. सूट आहे ती स्वतः जाहीर केलेल्या माहितीला. मैत्रिणीने लग्नातला फोटो टाकला आणि त्यात दुसरी कोणी दिसते आहे, तर त्या दुसरीने काही जाहीर केलेले नाही. तिला संरक्षण उरते. परंतु हजारो पोस्टची प्रत यंत्राने एकदम काढणाऱ्याला कोणता चेहरा कोणी जाहीर केला हे कसे कळणार, आणि ज्याला कळून घ्यायचेच नाही त्याला कोण विचारणार? गंमत अशी की आपण काढलेल्या छायाचित्रावर आपला कॉपीराइट 1957 च्या कायद्याने शाबूत राहतो. कलाकृती म्हणून छायाचित्राला जे संरक्षण आहे, ते त्यातल्या चेहऱ्याला नाही.

पालघर ते बुली बाई

नरोलीला जवळचे रेल्वे स्टेशन भिलाड. त्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर दक्षिणेकडे पालघर लागते. 17 नोव्हेंबर 2012 रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद असताना पालघरच्या एका 21 वर्षांच्या तरुणीने त्या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारी पोस्ट फेसबुकवर टाकली व तिच्या मैत्रिणीने ती पसंत केल्याची खूण केली. तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींना अटक झाली आणि जातमुचलक्यावर सोडण्यात आले. पोस्ट हटवली गेली होती, माफीही मागितली गेली होती. पण एव्हाना प्रत दुसऱ्यांच्या हाती होती.

पुढचा इतिहास घटनात्मक आहे. अटकेची कारवाई करणारे पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला आणि या घटनेने अस्वस्थ होऊन दाखल झालेल्या श्रेया सिंघल याचिकेवर 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66-अ रद्द केले. बोलण्याचा हक्क शाबूत राहिला. बोललेले किती काळ, कोणाजवळ राहील हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

तो प्रश्न दुसऱ्या वाटेने पुढे आला. जुलै 2021 मध्ये 'सुली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 रोजी 'बुली बाई' या नावांची ॲप्स गिटहब या व्यासपीठावर उघड झाली. मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांतून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडण्यात आला होता. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. बहुतेक जणी जाहीरपणे लिहीत होत्या म्हणूनच निवडल्या गेल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने बंगळुरू व उत्तराखंडातून, तर दिल्ली पोलिसांनी आसामातून अटका केल्या. कलमे लागली ती भारतीय दंड संहितेची : धार्मिक वैर पसरवणे, पाठलाग, विनयभंगकारक शब्द व कृती. ती लागू होती हे खरे, आजही भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा आहे. पण ती लिलावाला लागतात. लिलावाआधी कोणीतरी बसून त्या स्त्रियांची छायाचित्रे एकत्र केली, यादी बनवली, नावे जुळवली. त्या संग्रहाला कोणते कलम लागते? 2023 च्या अधिनियमानुसार, छायाचित्र तिनेच जाहीर केले असल्यास, कोणतेही नाही. दृष्टांतातील ते स्त्रीलिंगी सर्वनाम खटकते ते याच कारणाने.

तरीही संग्रहाविरुद्ध सरसकट बोलणे अन्यायाचे होईल. ती ॲप्स काही काळातच काढून टाकण्यात आली. गुन्हा घडला होता हे सिद्ध करण्यासाठी मग उरले काय? त्या स्त्रियांनी आणि त्यांच्या परिचितांनी घाईघाईत घेतलेले स्क्रीनशॉट, म्हणजे परस्पर केलेला संग्रहच. मारणाऱ्याने पुसले आणि मार खाणाऱ्याने जपले, असे येथे झाले. न्यायालयात अशा प्रतीला प्रमाणपत्र लागते, हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली आता त्या प्रमाणपत्रात हॅश मूल्याची नोंदही करावी लागते. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना ही तांत्रिक बाब वेळीच कळणे गरजेचे आहे.

जपणारे कोण?

1954 हे नरोलीच्या मुक्तीचे वर्ष. त्याच वर्षी संसदेने ग्रंथ प्रदान कायदा केला. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी, असा तो नियम आणि 1956 मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. छापील शब्दासाठी राष्ट्राने जपणारा नेमला. समाजमाध्यमांवरील शब्दासाठी असा कोणी नेमलेला नाही. मुंबईतील उर्दू वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला अंजुमन-इ-इस्लामच्या करीमी लायब्ररीचे दार ठोठावता येते. समाजमाध्यमांवर उर्दूत व मराठीत रोज लिहिल्या जाणाऱ्या मजकुरासाठी दार ठोठवावे असे ठिकाण नाही. जपतात ते खासगी हात आणि कधी कधी सत्ता. 2018 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'सोशल मीडिया कम्युनिकेशन हब'साठी निविदा काढली तेव्हा हे तर पाळतीचे राज्य होईल, अशा आशयाची टिप्पणी सर्वोच्च न्यायालयाने केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने योजना मागे घेतली.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने एप्रिल 2010 मध्ये ट्विटरचे सर्व जाहीर संदेश जपण्याचा करार केला. खासगी खात्यांचा व पुसलेला मजकूर त्यात यायचा नव्हता, ही जाण उल्लेखनीय. पण पसारा आवरेना. 1 जानेवारी 2018 पासून ग्रंथालयाने निवडक संदेशच घेण्याचे ठरवले.

युरोपात मे 2018 पासून लागू झालेल्या डेटा संरक्षण विनियमाने वेगळी वाट धरली. तेथे पोस्ट जाहीर केल्याने ती कायद्याबाहेर जात नाही. सार्वजनिक हिताच्या अभिलेखनाला माहिती पुसण्याच्या हक्कातून मर्यादित सूट आहे, म्हणजे अभिलेखागार सुरक्षित. परंतु प्रत घेणाऱ्याला कारण दाखवावे लागते. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने समाजमाध्यमांवरील व इतर उघड छायाचित्रांचा प्रचंड संग्रह करून चेहरे ओळखण्याची सेवा विकली, तेव्हा इटली व फ्रान्स यांनी 2022 मध्ये प्रत्येकी 2 कोटी युरो आणि नेदरलँड्सने सप्टेंबर 2024 मध्ये 3 कोटी 5 लाख युरो दंड ठोठावला. छायाचित्रे उघड होती, हा बचाव टिकला नाही. युरोपीय कायदा निर्दोष आहे असे नव्हे. लहान संशोधकाला त्याचा कागदोपत्री जाच बराच होतो. पण कलम 17 ची अट जाहीर पोस्टलाही लागू करायला आपल्याकडे एका वाक्याची दुरुस्ती पुरेशी आहे आणि त्यासाठी युरोपची नक्कल करण्याची गरज नाही.

दोन तास

दादरा-नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. त्यामुळे पुण्यातील पुढील प्रकरण नरोलीच्या तरुणांनाही तितकेच जवळचे. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात पुण्यातील 19 वर्षांच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याचा मजकूर पुन्हा टाकला. दोन तासांच्या आत तो काढला आणि माफी मागितली. परंतु तेवढ्या वेळात प्रती निघाल्या होत्या. महाविद्यालयाने तिचे म्हणणे न ऐकता तिला काढून टाकले आणि पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी उच्च न्यायालयाच्या सुटीकालीन खंडपीठाने महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला, शासनाला कठोर शब्दांत सुनावले आणि तिला परीक्षेस बसता यावे म्हणून तत्काळ सोडण्याचा आदेश दिला.

त्या वेळी 2023 चा अधिनियम अमलात आलेला नव्हता. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या ठरल्या. मे महिन्यात तो लागू असता तरी त्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग झाला नसता. मजकूर तिने स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या हाताने जाहीर केला होता. दोन तासच का होईना.